मोहफुलांखालची प्रयोगशाळा

माझ्याकडे पाहून कुणालाही वाटत नाही की मी हाडं घडवणाऱ्या पेशी पाळते. नवऱ्याला तर अजूनही वाटत नाही. कुणी विचारलं तर तो सांगतो, "कॉलेजात शिकवते आणि हिवाळ्यात राणी होते." यातलं दुसरं जास्त खरं आहे. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि आमच्या गावच्या मंडळात राणी, राजमाता, खाष्ट सासू आणि एकदा नाइलाजाने सेनापती, या सगळ्या भूमिका माझ्या वाट्याला आलेल्या आहेत. उरलेल्या दिवसांत मी प्राणिशास्त्र शिकवते. दोन्हीकडे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो, आणि दोन्हीकडे शेवटची रांग झोपलेली असते.

प्रयोगशाळा मला पन्नाशीला टेकता टेकता मिळाली. अड्याळ आणि पवनीच्या मधल्या पट्ट्यात, तलावाच्या पाळीला पाठ लावून आमचं कॉलेज उभं आहे. एकमजली, वर सपाट स्लॅब. त्यातली कोपऱ्यातली खोली खेळाच्या सामानाची होती. हवा गेलेले फुटबॉल, एक मोडका कॅरम आणि उंदीर. मग कुठल्याशा सरकारी योजनेतून पैसे आले. फुटबॉल व्हरांड्यात गेले, उंदीर तलावाकडे गेले आणि त्या खोलीत पेशींना ऊब देणारी एक पेटी, हात आत घालून काम करायचं काचेचं कपाट, एक मायक्रोस्कोप आणि द्रव नायट्रोजनचं पिंप येऊन बसलं. थोड्याच दिवसांत पुण्याहून गोठवलेल्या पेशी आल्या. त्याही उंदराच्याच. उंदराच्या पिल्लाच्या कवटीतून कधीकाळी घेतलेल्या आणि तेव्हापासून बाटल्याबाटल्यांतून वाढत आलेल्या. म्हणजे एका दाराने आम्ही उंदीर हाकलले आणि दुसऱ्या दाराने कुरिअरने मागवले.

या पेशींचं काम एकच, हाड घडवणं. त्यांना वेळेवर खायला दिलं, ऊब दिली आणि तीन आठवडे कुणी छेडलं नाही, तर त्या ताटलीच्या तळाशी कॅल्शियमचे बारीक कण साठवू लागतात. हाडाची ती सुरुवात. मग त्यावर एक तांबडा रंग ओतायचा, थोडा वेळ थांबायचं आणि धुवायचं. जिथे कॅल्शियम असेल तिथे तांबडं उरतं. त्याला मायक्रोस्कोपसुद्धा लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मला हे फार आवडलं. तीन आठवडे तालीम आणि शेवटी पडदा वर.

या सगळ्याची मालकीण मी नव्हते. मालकीण होती माझी एकुलती एक संशोधक विद्यार्थिनी. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून ढिवर मोहल्ला आहे, तिथली. बाप तलावात जाळं टाकतो, माय अड्याळच्या बाजारात मासोळी विकते, आणि पोरगी दिवसभर पांढरा कोट घालून न बोलता बसलेली असते. मी जितकी बोलते तितकी ती गप्प. दोघींची मिळून सरासरी बरी पडते.

तिचा विषय होता हाडजोड. कुंपणावर चढणारी, चौकोनी कांड्यांची ती वेल आमच्याकडे कुणाला ओळखू येत नाही असं नाही. हात मोडला की कांडं ठेचून बांधतात. पोरीच्या मायचं मनगटही तलावाच्या पायऱ्यांवर घसरून मोडलं होतं आणि तिनं दवाखान्यात न जाता वेल बांधली होती. मनगट जुळलं, जरा वाकडं जुळलं. पोरीनं त्या वेलीतून निरनिराळे घटक वेगळे काढले. वर्षं घालवून तिच्या हाती तीन कुप्या लागल्या. एकीत पांढरी भुकटी, दुसरीत पिवळसर, आणि तिसरीत एक तपकिरी चूर्ण, जे बिघडलेल्या चहासारखं दिसायचं आणि ज्याच्याकडून कुणालाच काही अपेक्षा नव्हती. आता प्रश्न असा होता की यातल्या कशानं त्या पेशी जास्त कामाला लागतात, की कशानंच लागत नाहीत.

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होते. माय चुलीपाशी बसून वाढत होती. पोरगी मला काही सांगत होती आणि माय मध्येच म्हणाली, "मोडलं माझं हाड, जुडलं माझं हाड, आन् विचारून राहिली उंदराले."

पोरगी मान वर न करता म्हणाली, "तुहं हाड वेलीनं जुडलं का आपलंआपण जुडलं, हे तुले मालूम हाय काय?"

"बांधली होती नं वेल."

"नसती बांधली तं?"

"नसती बांधली तं कसं समजंन?"

"तेच तं," पोरगी म्हणाली.

मायनं तिच्या ताटात आणखी झिंगे वाढले. मला वाटतं विज्ञानावरचं इतकं थोडक्यात भाषण मी वर्गात कधी दिलेलं नाही.

हिवाळाभर सगळं छान चाललं. पेशी वाढत होत्या, त्यांचं खाणं म्हणजे मीडियम, ते गुलाबी असायचं. पेशी सुखात असल्या की ते गुलाबी राहतं. आत काही भलतं शिरलं की ते पिवळं पडतं आणि गढूळ होतं. होळी झाली आणि पोरीनं पहिला तीन आठवड्यांचा प्रयोग लावला. पहिला आठवडा गुलाबी. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली आणि मी बेडकाच्या हृदयावर असतानाच कळलं की काहीतरी गेलं. सगळ्या ताटल्या पिवळ्या. तिनं त्यात ब्लीच ओतून टाकून दिल्या. दुसऱ्यांदा लावला. दुसऱ्यांदाही तसंच.

मग आम्ही ज्याच्यावर त्याच्यावर संशय घेतला. पाण्यावर, पेटीवर, नागपूरहून आलेल्या सिलिंडरवर. मी प्रयोगशाळेत जायच्या आधी दही खायला बंदी केली. मी स्वतःच्या बांगड्या काढून ठेवल्या, तेव्हा नवरा काळजीत पडला. प्राचार्यांचं मत सरळ होतं. पेशी पुण्याच्या, त्यांना इथलं मानवत नसेल.

हसण्यासारखं होतं, पण हसणं अवघड होतं. नायट्रोजनच्या पिंपात आता पेशींची एकच कुपी उरली होती. मेअखेर प्रकल्पाची मुदत संपत होती. तोवर एक तरी स्वच्छ ताटली, पहिल्या दिवसापासून रंगापर्यंत पोचलेली, दाखवता आली असती तर मुदत वाढणार होती. नाही तर पेटी, कपाट, पिंप सगळं उचलून दुसऱ्या कॉलेजात, आणि पोरीची पीएचडी अर्ध्यावर. फुटबॉल परत आत येणार होते.

दुसऱ्यांदा बिघडलेल्या ताटल्या टाकायच्या आधी मी एक करू नये ते केलं. झाकण जरा उचलून वास घेतला. प्रयोगशाळेत असं करत नाहीत, पोरीनं तसं डोळ्यांनी सांगितलंही. पण मला तो वास येऊन चुकला होता. गोड, दमट, थोडा चढलेला. तो वास भंडारा जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला ओळखू येत नाही असं होत नाही. मी नाक वर केलं आणि खोलीतच उभी राहिले, आणि तो वास ताटलीतून येत नव्हता, छतातून येत होता.

जिना चढून वर गेले. चैत्राचं ऊन होतं, आणि सगळ्या स्लॅबवर, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, मोहफुलं वाळत घातलेली होती.

हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्या कॉलेजचा स्लॅब त्या भागातला पहिला मोठा स्लॅब. तो झाला तेव्हापासून चैत्रात मोहल्ल्यातल्या बाया पहाटे मोहफुलं वेचून आणतात आणि त्यावर वाळवतात. खाली कुठेही पसरली तर बकऱ्या आणि गुरं मिनिटात साफ करतात. स्लॅबला जिन्याचं दार आहे, दाराला कडी आहे, बकरीला कडी उघडता येत नाही. हा हक्क कुणी दिलेला नाही, म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नाही. प्राचार्य बदलले, कॉलेजचं नाव बदललं, मोहफुलं वाळत राहिली. त्यातून लाडू होतात, आणि आणखी काय काय होतं ते सरकारी नोकरीत असल्यामुळे मी सांगत नाही.

आणि प्रयोगशाळेला बाहेरची हवा पुरवणारा पंखा बसवायला नागपूरहून जो कारागीर आला होता, तो दिवाळीत आला होता. दिवाळीत स्लॅब मोकळा. त्याला जागा फार आवडली. त्यानं पंख्याचं तोंड स्लॅबच्या बरोबर मध्यावर काढलं, त्यावर पत्र्याची टोपी बसवली आणि निघून गेला. आता त्या टोपीच्या सावलीत वाळलेल्या फुलांची पोती टेकवून ठेवली होती. फुलांवर जे किण्व असतं, ज्यानं मोहफूल आपोआप फसफसतं, ते पंखा आनंदानं ओढून खाली पाठवत होता. थेट माझ्या उंदरांच्या जेवणात.

मी धावत खाली आले आणि नाटकाच्या तिसऱ्या अंकासारखं सगळं सांगितलं. पोरगी ऐकून म्हणाली, "वास म्हणजे पुरावा नाही, मॅडम." तिनं पौष्टिक जेलीच्या उघड्या बशा तयार केल्या. एक पंख्याच्या झरोक्याखाली ठेवली, एक ग्रंथालयात, एक प्राचार्यांच्या टेबलावर, कारण तिथे कधी काही वाढत नाही अशी तिची समजूत होती. दोन दिवसांनी झरोक्याखालच्या बशीवर सायीच्या रंगाचे ठिपकेच ठिपके. मायक्रोस्कोपखाली त्यातल्या पेशींना कोंब फुटलेले, म्हणजे किण्वच. ग्रंथालयातली बशी जवळपास कोरी होती. प्राचार्यांच्या बशीवर एक हिरवी बुरशी आली, पण तो वेगळा विषय आहे.

पंख्याचं तोंड फिरवायला कारागीर पुन्हा यायला हवा होता आणि तो उन्हाळाभर येणार नव्हता. पंखा बंद करावा तर ती खोली दुपारी भट्टी. म्हणजे मोहफुलांनीच हलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पोरगी वर गेलो. बाया फुलं खालीवर करत बसल्या होत्या, पोरीची माय मध्यभागी. मी राणीच्या आवाजात सुरुवात केली. पेशी म्हणजे काय, हाड कसं घडतं, आणि वरून कसला हल्ला होतो आहे, हे मी हात फिरवून, पदर खोचून सांगितलं. एका म्हातारीनं मला एक मोहफूल फेकून मारलं. बाकीच्या पोट धरून हसल्या. नाटक त्यांना आवडलं, पण एकीनंही टोपली उचलली नाही. मोहफूल रोज पहाटे पडतं, ते तीन आठवडे झाडावर थांबत नाही, हे मला सांगायची गरजही त्यांना वाटली नाही.

मग पोरगी बोलली. ती इतकी हळू बोलली की सगळ्या गप्प झाल्या.

"माय, एकच कुपी उरली हाय. हे पिवळं पडलं तं संपलं."

मायनं हातातली फुलं खाली ठेवली. "मंग वाळवाचं कुठं? खाली टाकलं तं बकऱ्या, वर टाकलं तं तुहे उंदीर."

पोरगी माझ्याकडे पाहू लागली. मला रिकाम्या हातानं रंगमंचावरून जायची सवय नाही. मी तोंड उघडलं आणि काय सांगायचं ते बोलता बोलता सुचलं. आमच्या नाटक मंडळाचं सामान हंगाम संपल्यावर आमच्याच घरी पडून असतं. त्यात दोन अवाढव्य रंगवलेले पडदे. एकावर जंगल, एकावर राजवाडा. नाटकाचं मैदान मोहल्ल्याच्या पलीकडे मोकळं होतं. पडदे तिथे अंथरायचे, त्यावर फुलं, आणि बकऱ्यांवर पाळीपाळीनं पहारा. पहिला पहारा मी देईन असं मी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी मला पश्चात्ताप झाला, पण टाळ्या पडून गेल्या होत्या.

पडदे उघडले तेव्हा कुणी जंगल घ्यायचं आणि कुणी राजवाडा यावर थोडी बाचाबाची झाली. पोरीच्या मायनं राजवाड्याचा कोपरा धरला आणि म्हणाली, "जनमभर जंगलातच वेचलं. वाळू दे एकदा महालात." उलटी बाजू वर करून अंथरावा असं मी सुचवलं. ते कुणी ऐकलं नाही. शोभा जाते म्हणाल्या.

असे ते तीन आठवडे सुरू झाले. पोरीनं शेवटची कुपी काढली, पेशी जाग्या केल्या, वाढवल्या. त्यातल्या काही पुन्हा गोठवून ठेवायला ती विसरली नाही. मग खळग्याखळग्यांच्या ताटलीत पेरल्या. एका ओळीत पांढरी भुकटी, एका ओळीत पिवळी, एका ओळीत तपकिरी, आणि एका ओळीत काहीच नाही. नुसत्या पेशी आणि त्यांचं खाणं.

पण पोरगी रोज पहाटे मायबरोबर मोहफुलं वेचायला जायची आणि तेच हात घेऊन प्रयोगशाळेत यायची, म्हणून ती आमच्या घरी राहायला आली. माय डबा घेऊन यायची, फाटकाबाहेर थांबायची आणि डबा भिंतीवर ठेवायची. येता जाता मोहल्ल्याला ऐकू जाईल असं सांगायची, "आता आपलीच पोरगी आपल्याले शिवत नाही." हे सांगताना तिला जो आनंद व्हायचा तो मी फार थोड्या नटांच्या तोंडावर पाहिला आहे.

मी तास संपला की मैदानावर काठी घेऊन, फुलांना हात न लावता बसायची. बी.एस्सी.ची मुलं शंका विचारायला तिथेच येऊ लागली. मी बकरीच्या पोटाचे चारही कप्पे बकरी समोर असताना शिकवले आणि त्या वर्षी त्या प्रश्नाचं उत्तर कुणाचं चुकलं नाही. ताटली गुलाबी होती. दुसऱ्या आठवड्यात मी पोरीला रोज विचारायची आणि ती रोज नुसती मान हलवायची. दुसरा आठवडा गेला. गुलाबी.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, पवनीच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं. अवकाळी. आमच्याकडे असा पाऊस आधी धूळ घेऊन येतो. मी वर्गात होते. खिडकीतून पाहते तो मैदानावरून बाया पळत निघालेल्या, डोक्यावर पोती, कडेवर टोपल्या, आणि सगळ्या कॉलेजच्या फाटकाकडे. वर्षानुवर्षांची पायांची सवय. पाऊस आला की स्लॅबच्या जिन्याखाली आणि व्हरांड्यात आसरा घ्यायचा. प्रयोगशाळेचं दार त्याच व्हरांड्यात. आणि आत पोरगी, कपाटात हात घालून, ताटलीचं झाकण उघडून पेशींना खाऊ घालत होती. तिला बाहेरचं काहीच माहीत नव्हतं.

मी धावले, पण मी पन्नाशीची बाई, आणि वर्ग दुसऱ्या टोकाला. मी पोचले तेव्हा पोरीची माय फाटकात आडवी उभी होती. एका हातात स्वतःची टोपली, दुसरा हात, तो वाकड्या मनगटाचा, फाटकाच्या सळईला.

"इकडे नाही," ती म्हणत होती. "म्याडमच्या घरी. म्याडमच्या घरी चला."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली, आणखी काय करणार. सगळी वरात आमच्या घराकडे वळली. माय शेवटची सगळ्या गेल्यावर निघाली. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि तिच्या टोपलीतली, राजवाड्यावर वाळलेली, चांगली कुरकुरीत फुलं भिजून चिकट झाली होती. तिनं ती टोपली उचलून पाहिली आणि परत डोक्यावर ठेवली. 

घरी पोचले तर नवरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेला, आणि दिवाणखान्यात गुडघाभर मोहफुलं. तो म्हणाला, राणीसाहेब, राज्यात पीक चांगलं आलेलं दिसतं. बायांना चहा त्यानं आधीच ठेवला होता.

संध्याकाळी पाऊस थांबला आणि पोरगी प्रयोगशाळेतून परत आली. फाटकाशी आली, नाक वर केलं, आणि तिथेच थबकली. "मॅडम," ती अंगणाबाहेरूनच म्हणाली, "आता मी कुठं जाऊ?"

गावात मोहफूल नसलेलं एकच घर उरलं होतं. प्राचार्यांचं. त्यांच्या टेबलावरची बुरशी आठवून मला थोडी शंका आली, पण पर्याय नव्हता. प्राचार्य दार उघडून पाहतच राहिले. त्यांच्या बायकोनं मात्र पोरीला हात धरून आत नेलं आणि पुढचे दिवस तिला इतकं खाऊ घातलं की पांढऱ्या कोटाची बटणं लागेनात. प्राचार्यांना रोज रात्री जेवताना पेशींची हकीकत ऐकावी लागली. पुण्याच्या पेशींना इथलं मानवलं असल्याचं त्यांनी मला स्वतः येऊन सांगितलं.

रंगाचा दिवस आला. पोरीनं सांगितलं होतं की कुणी येऊ नका. म्हणून व्हरांड्यात मोहल्ला, प्राचार्य, प्राचार्यांची बायको आणि माझा नवरा होता. तिनं ताटलीतलं मीडियम काढलं, रसायन घालून पेशी होत्या तिथेच पक्क्या केल्या, तांबडा रंग ओतला आणि थांबली. मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ गप्प राहिले. मग तिनं पाण्यानं धुतलं, एकदा, परत एकदा, पाणी निवळ येईपर्यंत, आणि ताटली खिडकीच्या उजेडात धरली.

आता पेशी मेलेल्याच होत्या, कुणी आत आलं तरी काही बिघडत नव्हतं. तिनं दार उघडलं आणि मायला हाक मारली.

माय आत आली. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा पोरीच्या इतकी जवळ उभी होती. पांढऱ्या भुकटीची ओळ फिकट होती. पिवळीत पेशीच कमी दिसत होत्या, तिनं त्यांना दमवलं होतं. आणि तपकिरी चूर्णाची, त्या बिघडलेल्या चहाची ओळ, त्या ओळीतल्या प्रत्येक खळग्याच्या तळाला लाल रवे.

"हे कोन थुकलं पान खाऊन?" माय म्हणाली.

पोरगी हसली. मी तिला मोठ्यानं हसताना तोवर ऐकलं नव्हतं. मग माय खाली वाकली आणि बोटानं शेवटची ओळ दाखवली.

"ह्याच्यात काय टाकलं?"

"काहीच नाही."

"तरी लाल हाय थोडं."

"थोडं असतेच. पेशी आपलं काम करतेच, माय. तपकिरीत जास्त हाय, एवढंच."

माय ताटलीकडे पाहत राहिली, मग स्वतःच्या मनगटाकडे. "म्हणजे माझं थोडं वेलीचं आन् थोडं माझं."

"थोडं म्हणजे किती, ते मोजाचं हाय. आन् हे उंदराचं हाय, तुहं नाही. अजून लय वेळा कराव लागंन."

"कर. मी कुठं पळून जातो." आणि तिनं तीन आठवड्यांचा हिशेब चुकता केल्यासारखा पोरीच्या तोंडावरून हात फिरवला. मोहफुलांचे चिकट हात. पोरीनं तोंड मागे घेतलं नाही.

मुदत वाढली. कारागीर पावसाळ्यानंतर आला आणि या वेळी त्याला जागा दाखवायला आख्खा मोहल्ला स्लॅबवर उभा होता. पंख्याचं तोंड आता तलावाकडे आहे, तिथून फार तर मासोळीचा वास येतो. हिवाळ्यात पोरीनं गोठवलेल्या पेशी काढून प्रयोग परत केला आणि तपकिरी ओळ परत लाल आली. राजवाड्याच्या पडद्यावर मात्र गोल गोल डाग कायमचे राहिले. सिंहासनाच्या मागे उभी राहिले की मला मोहाचा वास येतो, आणि आमचे महाराज त्या प्रवेशात नेहमीपेक्षा जास्त जोशात बोलतात.

या चैत्रात पोरीनं हट्टानं प्रयोग परत लावला आहे. मोहाच्याच दिवसांत. पंखा खरंच सुधारला आहे का हेही कळायला हवं म्हणते. स्लॅबवर फुलं परत पसरली आहेत, मायची टोपली मध्यभागी. दुसरा आठवडा काल संपला. मी आज सकाळी जिन्याखालून जाताना खिडकीतून आत डोकावले. पोरीनं ताटली उचलून मला दाखवली. गुलाबी.